पाणी न पिणाऱ्या नरवडेबाई

नरवडेबाई दिवसभर पाणी पीत नसत. सकाळी घरून निघताना कपभर चहा, आणि मग संध्याकाळी घरी जाऊन पायातल्या चपला काढेपर्यंत तोंडात थेंब नाही. मधे ऊन असो, वारं असो, नाहीतर भाद्रपदातला तो जीव नकोसा करणारा उकाडा असो. मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंचं कसलंतरी व्रत असेल. नंतर कारण कळलं तेव्हा मला हसू आलं, आणि घरी गेल्यावर रडू आलं. तेव्हा मी तरणी होते, दोन्ही पटकन यायचं.

आता दोन्ही येत नाही. परवा इथं पुंडलिकनगरातल्या एका शाळेनं मला विज्ञान दिनाला बोलावलं. विषय काय, तर विज्ञानातल्या स्त्रिया. भिंतीवर परदेशातल्या बायांचे फोटो, प्रत्येकीला झेंडूचा हार. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाला प्रत्यक्ष पाहिलंय का?" मी म्हटलं, पाहिलंय. मग पुढं काय सांगावं ते सुचेना. हार घालण्याजोगं बाईंच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, नारळ घेतला आणि घरी आले. तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

शहराबाहेर, जालन्याकडच्या अंगाला, बाजरीवर संशोधन करणारं एक छोटं सरकारी केंद्र होतं. त्याचं नाव घेत नाही. तिथली बरीच मंडळी अजून सुखानं पेन्शन खातायत, उगाच कशाला त्यांची झोप मोडा. चार खोल्यांची इमारत, एक गोदाम, एक विहीर, आणि पुढं नजर पोचेल तिथपर्यंत बाजरी. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. बाई तिथं माझ्या कितीतरी आधी लागलेल्या. केंद्रातली पहिली संशोधक बाई त्या, आणि मी जाईपर्यंत एकुलती एक.

त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, रोजंदारीवरची कुणी असेल. विटकं सुती पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, वरून नवऱ्याचा पांढरा फुलशर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, डोक्याला टॉवेल. बाजरीची पानं हाताला कापतात आणि फुलोऱ्यातले परागकण अंगभर खाज आणतात, म्हणून हा थाट. नवरे सगळ्यांनाच असतात, पण नवऱ्याच्या शर्टाचा एवढा उपयोग करून घेतलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांचे यजमान शाळामास्तर होते, शांत माणूस. बायको काय काम करते असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बाजरीत असते." यापलीकडं त्यांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

सासर पाचोडचं, बऱ्यापैकी जमीनवालं. सासूबाई चारचौघींत सांगायच्या, "एवढी सोळा बुकं शिकली, अन् शेवटी गेली कुठं? बाजरीतच!" बाई हे स्वतःच हसून सांगायच्या. त्यांच्या माहेरी मुलींनी शिकायची पद्धत नव्हती. निजामाच्या अमलात गावातली शाळा उर्दू, तिथं त्या भावाच्या मागं मागं जाऊन बसायच्या. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, आणि वडिलांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पोरीला औरंगाबादला कॉलेजात घातलं. वर्गात मुलगी एकटीच. दाराबाहेर उभं राहायचं, प्राध्यापक आले की त्यांच्या मागून आत शिरायचं, त्यांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसायचं, आणि तास संपला की त्यांच्याबरोबरच बाहेर. "मी चार वर्षं प्राध्यापकाच्या पाठीकडं बघून वनस्पतीशास्त्र शिकले," बाई म्हणायच्या. "फळा कधी नीट दिसलाच नाही."

उर्दू शाळेतलं बरंच काही त्यांच्या तोंडात राहिलं होतं. अर्जाला त्या दरखास्त म्हणायच्या, त्रासाला तकलीफ. आणि 'खैर'. बाईंचं निम्मं बोलणं या एका शब्दावर संपायचं. पाऊस लांबला, खैर. मजुरांचे पगार आले नाहीत, खैर. केंद्रप्रमुख साहेबांनी फाइल परत पाठवली, खैर. आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं वाक्य, "पुढच्या हंगामात बघू." पहिल्या वर्षी मला ते धीराचं वाटायचं. नंतर नंतर मला त्याचा इतका राग यायचा की वाटे, बाईंच्या तोंडावर हात ठेवावा.

तर पाणी. केंद्रात बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांचा होता, त्याला धड दार नव्हतं. मजूर बायका बाजरीच्या आड जायच्या. बाईंना ते जमायचं नाही, कारण कुठल्याही बांधावर कुणी ना कुणी शिपाई, ड्रायव्हर, शिकाऊ पोरं उभी असायची आणि बाई त्यांच्या वरिष्ठ. म्हणून त्यांनी आपला साधा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. दरखास्ती देऊन देऊन त्या थकल्या. शेवटी मी लागले त्या सुमारास संडास बांधला गेला, आणि त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून साहेबांनी त्याला कुलूप घातलं. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात. म्हणजे बाईमाणसानं साहेबांच्या खोलीत जायचं, तिथं चार माणसं चहा पीत बसलेली असणार, त्यांच्यासमोर किल्ली मागायची, आणि काम झालं की परत नेऊन द्यायची. बाईंनी एकदाही मागितली नाही.

मी आठवडाभर सोसलं. मग गुलमंडीच्या बाजारातून नवं कुलूप आणलं, जुनं दगडानं फोडलं, आणि एक किल्ली बाईंच्या हातात ठेवली. साहेब चिडले, पण कुणासमोर काय म्हणून चिडायचं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून गप्प बसले. बाई किल्लीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरं केलंस गं." पण पाणी त्या तरीही पिईनात. "आता सवयच मोडली. दिवसा प्यालं की पोटात कळा येतात." तेव्हा कुठं मला समजलं की ही किल्ली फार उशिरा आली होती.

या पाण्यापायी गयाबाई मात्र मनातून दुखावली होती. गयाबाई आमच्या मजूर बायकांची म्होरकी. शेंद्र्याकडच्या डोंगराळ वाडीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. उंच, काळीसावळी, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर गोदामातला माणूस दचकून उठावा. रोज दुपारी ती लिंबाखालच्या माठातलं पाणी भरून तांब्या बाईंपुढं धरायची, आणि बाई रोज म्हणायच्या, "आत्ताच प्यालेय गं." गयाबाईला ठाऊक होतं की त्या प्यालेल्या नाहीत. एकदा ती मला म्हणाली, "मोठ्या घरची बाई हाये. आपल्या माठातलं कशाला पिईल? आपुन आपलं इचारावं." मी खरं कारण सांगायला तोंड उघडलं, तर बाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी डावा हात पालथा करून हळूच खाली दाबला, तान्ह्या पोराला थोपटावं तसा. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मी बसले. आपण साहेबांच्या बरोबरीनं काम करतो आणि साधं लघवीला जाता येत नाही, हे मजूर बाईला कळावं याची बाईंना शरम वाटायची. मला अजूनही ती शरम पटत नाही. शरम वाटायची तर ती केंद्राला वाटायला हवी होती.

बाईंचं काम सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बाजरीवर एक रोग येतो, त्याला शेतकरी गोसावी म्हणतात. कणसात दाणा भरायच्या ऐवजी हिरवी पानंच फुटतात, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखं कणीस दिसतं. संकरित बाजरी आली, लोकांनी हौसेनं पेरली, आणि काही वर्षांत या गोसाव्यानं रानंच्या रानं खाल्ली. बाईंचा ध्यास एकच, गोसाव्याला न जुमानणारी बाजरी काढायची. त्यासाठी त्या पाचोडच्या बाजारात जायच्या, पोत्यापोत्यात हात घालायच्या, दाणा दाताखाली धरायच्या, कुठलं रान, कुठलं बी, रोग येतो का, असं विचारायच्या. लोकांना वाटायचं, नरवड्यांची सून भाव पाडतेय. अशाच एका बाजारात डोंगराकडच्या एका म्हातारीकडून त्यांना मूठभर कुसाळ बाजरी मिळाली. रूप काही नव्हतं, कणीस आखूड, अंगभर काटे. पण म्हातारी म्हणाली होती, "हिला काय व्हत नाय." त्या मुठीतून बाईंनी हंगामामागून हंगाम आपली बाजरी घडवली.

हे काम म्हणजे कणसांना पिशव्या घालायचं काम. कणीस पानाच्या पोटरीतून, म्हणजे फुगलेल्या वेष्टनातून, डोकावलं की त्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची, म्हणजे भलतेच पराग बसत नाहीत. मग हव्या त्या कणसाचे पराग सकाळच्या उन्हात झटकून आणायचे आणि पिशवी जरा उचलून आत सोडायचे. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी येतात, पुंकेसर दोन-तीन दिवसांनी. बाई नव्या पोरांना शिकवताना म्हणायच्या, "लक्षात ठेवा, इथं बाई आधी येते, पुरुष मागून. फक्त बाजरीत." पोरं हसायची, बाई हसायच्या नाहीत. हजारो पिशव्या, वर्षानुवर्षं, वाकून. संध्याकाळी त्या कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या तेव्हा तोंडातून एक बारीक आवाज निघायचा. तो ऐकला की मला माझीच कंबर दुखायला लागल्यासारखं व्हायचं.

एकदा दिल्लीला मोठी सभा भरली. गोसाव्यावरचा निबंध बाईंचा, आकडे बाईंचे, चित्रंसुद्धा बाईंनी काढलेली. वाचायला साहेब गेले. "बाई, तुम्ही एकट्या एवढ्या लांब कशा जाणार? घरचं कोण बघणार?" असं त्यांनी विचारलं, आणि ते अगदी काळजीनं विचारलं, तेच जास्त चीड आणणारं. निबंधावर साहेबांचं नाव वर, मग आणखी दोघांची, आणि शेवटी आभारात 'श्रीमती नरवडे यांचे सहकार्य'. येताना साहेबांनी बाईंसाठी पेठ्याचा डबा आणला. बाईंनी तो तसाच रानात नेला, लिंबाखाली बसून गयाबाईला आणि सगळ्यांना एकेक फोड दिली.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"लई ग्वाड हाये बाई. कुठला?"

"आपल्या बाजरीचा आहे. खा पोटभर," बाई म्हणाल्या आणि शर्टाची बटणं लावून पुन्हा ओळीत शिरल्या.

आता ते वर्ष. बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. बाजरी तयार झाली होती, आता एका समितीनं येऊन ती उभ्या पिकात बघायची आणि शिफारस करायची. तेवढं झालं असतं तर ती बाजरी शेतकऱ्यांकडं गेली असती आणि तिच्यावर बाईंचं नाव लागलं असतं, आभारात नव्हे, वर. त्यासाठी बाईंनी रानात मुद्दाम रोग जोपासला होता. गोसाव्याला हमखास बळी पडणारी बाजरी आधी पेरायची, तिच्यावर रोग माजू द्यायचा, आणि तिच्या ओळींच्या मधेमधे आपली बाजरी लावायची. चहूबाजूंनी गोसावी आणि मधे बाईंची बाजरी भरल्या कणसांनी उभी. बघणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरजच पडू नये. बाई रोज सकाळी त्या रोगट ओळींवरून हात फिरवायच्या. एवढ्या प्रेमानं मी त्यांना धडधाकट बाजरीवरूनही हात फिरवताना पाहिलं नव्हतं.

समितीची तारीख आली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, लगोलग. आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्यांना सुनेनं घरी नसणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना सांगायला नको. बाई कुठल्याही पदावर असोत, पाचोडला पुरण त्यांनीच वाटायचं, भाज्या त्यांनीच करायच्या. तीन दिवसांची रजा टाकून त्या गेल्या. माझ्याही घरी महालक्ष्म्या, मीही रजेवर. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पहिल्या एसटीनं परस्पर केंद्रावर आल्या. हळदीनं हात पिवळे, डोळ्यांत झोप. समितीच्या गाड्या यायला थोडाच वेळ होता. आम्ही दोघी रानात गेलो.

रान स्वच्छ होतं. रोगट ओळी नव्हत्या. एक गोसावी औषधाला नव्हता. बाईंच्या ओळींच्या मधे नुसती उकरलेली काळी माती, आणि तीवरून कुणीतरी हातानं फिरवून सारखी केलेली. बांधावर राखेचा ढीग.

गयाबाई आणि तिच्या बायका नवी लुगडी नेसून लिंबाखाली उभ्या होत्या. गयाबाई पुढं आली. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"कसं झालंय बाई? तुमी न्हवत्या म्हनून मी समद्यास्नी म्हनलं, लक्षुम्या यायच्या तर घर सारवून ठिवतोच ना आपुन? मग बाईचं रान असं रोगट बघतील व्हय मोठं सायेब? सनाचं कुनी घरी ऱ्हायलं नाय. एक बी गोसावी ठिवला नाय. उपटलं अन् जाळलं. तुमीच शिकवलंतं की, रोगट झाड दिसलं का उपटायचं अन् जाळायचं."

खरंच शिकवलं होतं. शेजारच्या बियाण्याच्या प्लॉटात हेच करायचं असतं, तिथं एक रोगट झाड राहिलं तर बाई रागावायच्या. सगळ्या केंद्रात ती एकच जागा अशी होती की जिथं ते करायचं नव्हतं, आणि ती आमच्या पलीकडं कुणाला नीट समजावलेली नव्हती. समजावायची कधी वेळच आली नव्हती, कारण बाई रोज तिथंच असायच्या.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी म्हटलं, "गयाबाई, अगं काय केलं तुम्ही हे..." आणि बाईंचा डावा हात माझ्यापुढं आला. पालथा, खाली दाबलेला, हळदीनं पिवळा. बाई त्या मातीकडं बघत होत्या. मग वर बघून म्हणाल्या, "लई छान केलंत गं सगळ्यांनी. सणाच्या दिवशी खपलात." आवाज अगदी नेहमीचा. गयाबाईनं कडाकडा बोटं मोडून बाईंची दृष्ट काढली.

समिती आली. चार साहेब, आमचे साहेब धरून पाच. रानात फिरले. एकजण म्हणाला, "रोग कुठाय? रोगच नाही तर ही टिकली कशावरून म्हणायचं?" दुसऱ्यानं उकरलेली माती बुटानं चाचपली आणि विचारलं, "इथलं काय काढलं?" आमचे साहेब बाईंकडं बघायला लागले. मला एवढंच वाटत होतं की बाईंनी खरं ते एक वाक्य बोलावं, मजुरांच्या हातून चूक झाली म्हणावं. पण त्याच वर्षी गयाबाईला कायम करायचं घाटत होतं, आणि साहेबांना तिची सडेतोड जीभ मुळीच आवडत नव्हती. एवढं निमित्त त्यांना पुरलं असतं.

"मीच काढायला सांगितलं," बाई म्हणाल्या.

"का?"

बाईंनी आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता, त्यामुळं खोट्याच्या पुढचं खोटं त्यांना सुचेना. चौघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं आणि बाईंनाही कळलं. ही बाई निवृत्तीला आली, घाई झाली, स्वतःच्या बाजरीतली रोगट झाडं उपटून आपल्याला दाखवतेय. मी टिपणं पुढं केली, ती त्यांनी चाळली नाहीत. नियम उभं पीक डोळ्यांनी बघायचा होता. गाड्या गेल्या.

त्या संध्याकाळी मी बाईंशी भांडले. बांधावर उभी राहून, शब्दाला शब्द लावून भांडले. तुमचं सगळं आयुष्य मातीत गेलं, तुम्हाला लबाड ठरवलं, आणि तुम्ही गप्प!

बाई राखेच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला पेन्शन आहे. तिला काय आहे?"

"निदान तिला तरी सांगा. कळू दे."

"कळून काय करील? या रानात पुन्हा पाय ठेवणार नाही ती. सणासुदीला घर टाकून माझ्यासाठी आली होती गं. माझ्या कामासाठी सण सोडून आजवर कुणी आलंय?" त्यांनी राखेत बोट फिरवलं. "वाईट वाटतंय मला. फार वाटतंय. ते लबाडीचं तर फारच. खैर. पुढच्या हंगामात बघू."

"पुढच्या हंगामात तुम्ही नाही बाई," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण खरंच होतं ते.

"तू आहेस की," त्या म्हणाल्या आणि उठताना कंबरेवर हात ठेवला.

मी होते. पेरणीच्या तोंडावर साहेबांनी ते रान दुसऱ्या योजनेला देऊन टाकलं. मी दरखास्ती केल्या, भांडले, एका कोपऱ्यात थोड्या ओळी मिळवल्या, त्या वर्षी पाऊसच झाला नाही. बाईंच्या बाजरीचं बी गोदामात पडून राहिलं, त्याला किडे लागले, मग उगवण गेली. तोवर कंपन्यांची बाजरी आली आणि कुणाला कशाची गरज राहिली नाही. ऑफिसात मात्र एक गोष्ट टिकून राहिली. नरवडेबाईंनी समितीला कसं फसवायला बघितलं, ती. नवीन पोरं आली की कुणीतरी हसत हसत सांगायचं. मी सुरुवातीला उसळून उठायचे. नंतर थकले.

गयाबाई मात्र कायम झाली, पेन्शनही घेतली. मुलगा वाळूजच्या कंपनीत लागला, त्याच्याबरोबर ती बजाजनगरला राहायला गेली.

बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या त्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी. यजमान आधीच गेले होते. मुलाचं घर पुंडलिकनगरातच, माझ्यापासून दोन गल्ल्या पुढं. सून नोकरीवर जायची, म्हणून दुपारी मी जाऊन बसायचे. डायलिसिस सुरू होतं. जादा पाणी अंगात साठून जिवावर बेतेल म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंदी घातलेली, दिवसभरात एक छोटा स्टीलचा पेला, तोसुद्धा घोट घोट. हे ऐकलं त्या दिवशी बाई हसल्या होत्या. "तेव्हा पिता आलं नाही, आता पिऊ देत नाहीत. सवय आहे मला, मला काही तकलीफ नाही." तकलीफ होती. ओठ फाटलेले असायचे. मी ओला कापूस फिरवायचे.

एका दुपारी दार वाजलं. गयाबाई. डोईवर पदर, पाठीतून वाकलेली, पण आवाज तोच. बाई आजारी आहेत असं कुणाकडून तरी कळलं, म्हणून दोन बस बदलून एकटी आलेली. बाईंच्या पायाशी बसली, पाय दाबायला लागली, आणि बोलायला लागली. बोलता बोलता अर्थातच तिथंच आली.

"त्या वर्साला आपुन रान कसं काढलं हुतं बाई! मी नातवाला सांगते, आमच्या बाईच्या रानात हुडकून गोसावी घावला नाय सायबांस्नी. खूश झाले असतील ना?"

"लई खूश झाले," बाई म्हणाल्या.

मी खिडकीकडं बघत राहिले. गयाबाईचा हात थांबला. बाईंच्या ओठांकडं तिचं लक्ष गेलं असावं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि मला काही समजायच्या आत माठातलं पाणी मोठ्या फुलपात्रात काठोकाठ भरून घेऊन आली.

"घ्या. किती सुकलंय त्वांड," ती म्हणाली. तिनं फुलपात्र पुढं धरलं. "आत्ताच पेले म्हनू नका आता. एवढी वर्सं झाली, माझ्या हातचं पानी तुमी कदी घेतलं नाय. मी कदी बोलले नाय. पर जीवाला लागायचं वो बाई."

मी खुर्चीतून उठले. बाईंनी माझ्याकडं न बघताच डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. सुया टोचून टोचून काळानिळा पडलेला. पालथा केला आणि हळूच खाली दाबला.

मग उजव्या हातानं त्यांनी फुलपात्र घेतलं आणि प्यायल्या. डोळे मिटून, न थांबता, गळ्याची हाडं वरखाली होत होती. एवढं पाणी पिताना मी बाईंना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"गार आहे गं," त्या म्हणाल्या.

"संपवलं का समदं?" गयाबाईनं विचारलं.

बाईंनी फुलपात्र पालथं करून तिला दाखवलं.